हास्य आणि भय

विश्वनाथाच्या साहित्यदर्पणात हास्य आणि भयानक हे परस्परविरोधी रस मानलेले आहेत. भ्यालेल्या मनुष्यास हसू सुचत नाही, हे खरेच. तथापि १९९३ साली महेश कोठारे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘झपाटलेला’ या मराठी बोलपटाने हे दोन्ही रस एकत्र नांदविले.

त्यातील तात्या विंचू हा गुंड मरतेवेळी मंत्रबळाने आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो. अशीच कल्पना १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन बोलपटात होती. मात्र येथे तात्या विंचू दिलीप प्रभावळकरांनी रंगविला, बाहुला रामदास पाध्ये यांनी चालविला, आणि तो लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या भोळ्या लक्ष्याच्या वाट्यास आला. एवढ्याशा बाहुल्याने जीव घेण्याची धमकी द्यावी, हे हास्यास्पद होय. परंतु लक्ष्याची भीती खरी असते, आणि त्याच्या सांगण्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. त्यामुळे एकाच प्रसंगी प्रेक्षक हसतो व धास्तावतोही. या प्रकाराची गोडी यातच आहे.

त्याचा दोषही येथूनच उद्भवतो. गाणी, प्रेमप्रकरणे आणि थट्टामस्करी लांबत गेली, की पात्रांस संकटाचा विसर पडतो आणि मग निव्वळ पोरखेळ उरतो. मेलेला गुंड बाहुल्यात शिरला, ही असंभाव्य गोष्ट प्रेक्षक आनंदाने मान्य करतो. परंतु ज्यांच्या जिवावर बेतले आहे त्यांनीच बेफिकीर राहावे, हे त्यास पटत नाही. म्हणून अशा बोलपटात विनोद कितीही असो, पात्रांची भीती शेवटपर्यंत खरी राहिली पाहिजे.