पाळणा लांबवताना आलेले मुरूम

मराठीत मुरमांना ‘तारुण्यपिटिका’ म्हणतात आणि या एका शब्दाने बराच घोळ करून ठेवला आहे. पंचविशी उलटली, लग्न झाले, पदरात मूल आले की हा त्रास संपला पाहिजे, असे घरातले सगळेच गृहीत धरतात. प्रत्यक्षात सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागातील सकाळच्या रांगेत तिशी-पस्तिशीतल्या बायकाही असतात. कपाळ आणि नाक बऱ्यापैकी स्वच्छ, पण हनुवटी, जबड्याची कड आणि मानेचा वरचा भाग खोल, दुखऱ्या गाठींनी भरलेला. पाळीच्या आधीचा आठवडा विशेष वाईट. ‘पोट साफ होत नसेल’, ‘उष्णता झाली असेल’, ‘तेलकट खाणे बंद कर’ हे सगळे ऐकून झालेले असते. राहून गेलेला प्रश्न वेगळाच असतो : दिवस राहू नयेत म्हणून काय वापरता आणि कधीपासून?

तो राहून जातो यालाही कारणे आहेत. त्वचेचे डॉक्टर चेहरा पाहतात, गर्भनिरोधक देणारी परिचारिका किंवा आशाताई पाळीबद्दल विचारते आणि या दोन गोष्टींचा संबंध असेल असे बाईला वाटतच नाही. त्यात सासूबाई सोबत आल्या असतील तर गोळी चालू आहे हे बोलायचीही चोरी. मग कधीतरी बाई स्वतःच संबंध जोडते आणि कुणालाही न सांगता गोळी किंवा इंजेक्शन सोडून देते. मुरूम लगेच जात नाहीत. दिवस मात्र जातात. पहिले मूल अजून अंगावर पीत असताना दुसऱ्याची चाहूल लागणे किंवा गर्भपातासाठी यावे लागणे, ही त्या मुरमांची खरी किंमत असते.

संबंध नेमका काय आहे, हे थोडे खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे. त्वचेतील तैलग्रंथी चालतात त्या अँड्रोजेन म्हणजे पुरुषी म्हटल्या जाणाऱ्या संप्रेरकांच्या इशाऱ्यावर. ती स्त्रियांच्या शरीरातही असतात, स्त्रीबीजकोश आणि मूत्रपिंडावरील ॲड्रिनल ग्रंथी ती तयार करतात. रक्तातले बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना, मुख्यतः यकृतात बनणाऱ्या एका खास वाहक प्रथिनाला, जखडलेले असते. जखडलेले असेपर्यंत ते निरुपद्रवी. मोकळा राहतो तो लहानसा हिस्सा तैलग्रंथीत शिरतो, तेल वाढवतो, रंध्राचे तोंड बुजते आणि आत अडकलेल्या तेलावर जिवाणू पोसले जातात. इस्ट्रोजेन हे वाहक प्रथिन वाढवते, म्हणजे मोकळे टेस्टोस्टेरॉन कमी होते. उलट काही प्रोजेस्टिन, म्हणजे कृत्रिम प्रोजेस्टेरॉन, स्वतःच थोडे अँड्रोजेनसारखे वागतात आणि हे प्रथिन कमीही करतात. म्हणून ‘गोळीने मुरूम येतात’ आणि ‘गोळीने मुरूम जातात’ ही दोन्ही वाक्ये खरी असू शकतात. साधन कोणते, यावर ते ठरते.

सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी ‘माला-एन’ घ्या. तिच्या पाकिटातील २८ गोळ्यांपैकी २१ गोळ्यांत ०.०३ मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्राडिऑल आणि ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असते. उरलेल्या सात लोहाच्या. लेव्होनॉरजेस्ट्रेल थोडे अँड्रोजेनी वळणाचे असले तरी सोबतच्या इस्ट्रोजेनचे पारडे जड ठरते आणि अशा मिश्र गोळीवर बहुतेकींची त्वचा सुधारते किंवा निदान बिघडत नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत काहींना पुरळ वाढल्याचे दिसते. तेवढ्यावर गोळीला दोष देऊन ती बंद करणे घाईचे आहे.

अडचण जास्त येते ती इस्ट्रोजेन नसलेल्या साधनांत. ‘अंतरा’ हे दर तीन महिन्यांनी घ्यायचे मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचे इंजेक्शन, दंडात बसवायची कांडी म्हणजे इम्प्लांट, गर्भाशयात बसवायचे लेव्होनॉरजेस्ट्रेलयुक्त साधन आणि फक्त प्रोजेस्टिन असलेल्या गोळ्या. हार्मोनवाले गर्भाशयातील साधन ५२ मिलिग्रॅम औषध घेऊन बसते, पण सुरुवातीला दिवसाला सुमारे २० मायक्रोग्रॅमच सोडते. माला-एनच्या एका गोळीत याच औषधाचे १५० मायक्रोग्रॅम असतात. तरीही या साधनाच्या नेहमीच्या दुष्परिणामांत मुरूम आहेत, कारण इथे तोलाला इस्ट्रोजेन नाही. म्हणून ही साधने वाईट ठरत नाहीत. जोराचा रक्तस्राव असलेल्या किंवा इस्ट्रोजेन चालत नसलेल्या अनेकींसाठी तीच योग्य असतात. इंजेक्शनचा एक स्वभाव मात्र आधी सांगायला हवा. कांडी काढता येते, गोळी थांबवता येते. दिलेले इंजेक्शन परत घेता येत नाही. पुढचा डोस टाळणे एवढेच हाती राहते आणि त्यानंतर पाळी व गर्भधारणा पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागू शकतात. त्या काळात हमखास संरक्षण आहे असे मात्र समजू नये.

दोन गोळ्या अशा आहेत ज्या ‘आम्ही काही घेत नाही’ या उत्तरात लपून जातात. पहिली, संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी. तिच्यात १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असते, म्हणजे माला-एनच्या दहा गोळ्यांइतके, एका घोटात. अडल्या वेळी ती जरूर घ्यावी. महिन्यातून तीन-चारदा घेतली तर पाळीचे वेळापत्रक कोलमडते आणि चेहऱ्यावरही परिणाम दिसू शकतो. दुसरी आपल्याकडची खास. गौरी-गणपती, वारी, घरचे लग्न आले की पाळी पुढे ढकलण्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणली जाणारी नॉरएथिस्टेरॉनची गोळी. हेही अँड्रोजेनी वळणाचे प्रोजेस्टिन आहे. शिवाय पाळी ढकलण्यासाठी घेतलेली ही गोळी गर्भनिरोधक समजू नये, ही गैरसमजूत अनेकींना महागात पडते.

तिसरी परिस्थिती सर्वांत फसवी. बाई पाच-सहा वर्षे मिश्र गोळी घेते, चेहरा छान राहतो. मग गोळी थांबवून तांबी बसवते आणि काही महिन्यांत हनुवटी भरून येते. दोष तांबीला जातो. तांबीत हार्मोन नसतेच. गोळीने दाबून ठेवलेली मूळची प्रवृत्ती वर आलेली असते. अशा वेळी तांबी काढून टाकण्याने काहीच साधत नाही.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, दुसरे साधन हाती आल्याशिवाय चालू साधन सोडायचे नाही. साधन सुरू केल्याची तारीख आणि मुरूम सुरू झाल्याची तारीख एका कागदावर लिहून, गोळीचे रिकामे पाकीट पर्समध्ये घालून दवाखान्यात जावे. तोंडी ‘गुलाबी गोळी’ सांगण्यापेक्षा ते पाकीट दहापट उपयोगी. त्रास थोडा असेल तर साधन न बदलता त्वचेवर उपचार करून तीन महिने वाट पाहता येते. जास्त असेल तर बदल करता येतो. हार्मोन नको असेल तर तांबी आहे. कॉपर-टी ३८० ए दहा वर्षे चालते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली आणि १९९१ पासून बाजारात असलेली सेंटक्रोमनची गोळी सरकारी दवाखान्यात ‘छाया’ नावाने मोफत मिळते. तिच्यात प्रोजेस्टिनही नाही आणि इस्ट्रोजेनही नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. काहींची पाळी तिने लांबते, हे माहीत असले की घाबरायला होत नाही. आणि निरोध हे पुरुषाने वापरायचे साधन आहे, ही गोष्ट या चर्चेत इतकी क्वचित निघते की नवल वाटते.

त्वचेवरचे उपचार साधे आहेत, पण धीर मागतात. २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि रात्री ०.१ टक्के ॲडापलीन, पूर्ण चेहऱ्याला मिळून हरभऱ्याच्या दाण्याएवढे. मुरमावर टिकलीसारखे लावायचे नाही, सगळ्या भागावर पातळ पसरायचे. सुरुवातीला त्वचा कोरडी पडते, सोलते. तेव्हा एक रात्र सोडून लावावे. फरक दिसायला दोन ते तीन महिने लागतात. याच काळात शेजारीण एक ‘भारी क्रीम’ सुचवते आणि चार दिवसांत चेहरा गोरा, गुळगुळीत होतो. ते क्रीम बहुधा स्टेरॉइडचे असते. २०१८ मध्ये त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड चिठ्ठीशिवाय विकायला सरकारने मनाई केली, तरी ती काउंटरवर सहज मिळतात. काही आठवड्यांनी त्याच क्रीमने लाली, केस आणि पहिल्यापेक्षा वाईट मुरूम येतात, क्रीम थांबवले की भडकतात. आपल्या सावळ्या त्वचेवर मुरूम गेला तरी डाग महिनोन्महिने राहतो, म्हणून नखाने फोडू नये आणि दिवसा सनस्क्रीन टाळू नये.

काही जणींना मिश्र गोळी मुरमांवरचे औषध म्हणूनही दिली जाते. परिणामाला तीन ते सहा महिने लागतात. मात्र तिचा धोका लक्षात घ्यायला हवा. गोळी न घेणाऱ्या दहा हजार तरुण स्त्रियांपैकी वर्षात साधारण दोघींच्या शिरेत रक्ताची गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेलवाल्या गोळीवर पाच ते सात, ड्रॉस्पिरेनोनवाल्या गोळीवर नऊ ते बारा. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका याहून जास्त असतो, पण म्हणून गोळी मैत्रिणीच्या शिफारशीवर घ्यायची नसते. पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या, रक्तदाब वाढलेल्या, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन अर्धशिशी उठणाऱ्या, पूर्वी गुठळी झालेल्या स्त्रियांना ती चालत नाही. बाळ अंगावर पिणारे असेल तर पहिले सहा महिने नकोच. आणि एक उलटी गंमत : मुरूम घालवणारी हीच गोळी काहींच्या गालावर वांग आणते.

मूळ रक्तदाबाचे आणि लघवी वाढवणारे औषध असलेले स्पायरोनोलॅक्टोन अँड्रोजेनला तैलग्रंथीपाशी अडवते. इंग्लंड-वेल्समधील ४१० स्त्रियांवरील अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बारा आठवड्यांना थोडा आणि चोवीस आठवड्यांना ठळक फायदा दिसला. आयसोट्रेटिनॉइन त्याहून प्रभावी, पण गर्भात गंभीर व्यंग निर्माण करणारे. दोन्ही औषधांवर दिवस राहता कामा नयेत. आयसोट्रेटिनॉइनसाठी तर औषधाच्या एक महिना आधीपासून नंतर एक महिन्यापर्यंत. म्हणजे मुरमांवर चिडून गर्भनिरोधक सोडणाऱ्या बाईला मुरमांसाठीच ते पुन्हा लागते.

मुरमांसाठी दिल्या जाणाऱ्या डॉक्सिसायक्लिनने गोळी निकामी होते, ही समजूत खरी नाही. क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिनने मात्र गोळीचा परिणाम खरोखर कमी होतो. टीबीचे उपचार सुरू असतील तर गोळीवर विसंबू नये.

पाळी दोन-दोन महिने लांबणे, ओठांवर-हनुवटीवर राठ केस, डोक्याचे केस विरळ होणे असे मुरमांसोबत असेल तर पीसीओएसची तपासणी हवी. ती करताना गोळी चालू असल्याचे सांगितलेच पाहिजे, कारण गोळीवर असताना केलेल्या हार्मोनच्या चाचण्या दिशाभूल करतात. आवाज घोगरा होऊ लागला आणि हे सगळे काही आठवड्यांत झाले असेल, तर पुढच्या महिन्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

मूल हवे असेल तर ते ठरवतानाच डॉक्टरांना सांगावे. स्पायरोनोलॅक्टोन थांबवावे लागते, ॲडापलीनही बाजूला ठेवतात आणि ॲझेलिक ॲसिडचे मलम सुरू करता येते. ते गरोदरपणात चालते आणि मुरमांचे काळे डागही फिके करते.