टर्बो इंजिन : बसलं कसं, बांधलं कसं?

मागच्या नवरात्रातली गोष्ट. माझ्या काकांची काळी-पिवळी जीप किनवटहून माहूरला चालली होती. रेणुकामातेच्या दर्शनाला निघालेले भाविक आत दाटीवाटीने बसलेले, टपावर सामान आणि पुढे चढ. अर्ध्या चढावर जीपने आधी काळा धूर सोडला, मग निळा-पांढरा, आणि रस्त्यावर ऑइल सांडत ती जी उभी राहिली ती राहिलीच. भाविक दुसऱ्या गाडीने गेले. काका मात्र रात्री उशिरा ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी ओढत घरी आले.

आता खरी गोष्ट सांगतो, जी मी घरी पंधरा दिवस सांगितली नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मीच काकांना म्हणालो होतो, "काका, टर्बो गाडी आहे, डिझेल पंपाचा स्क्रू थोडा फिरवला की पॉवर वाढते." काकांनी एका गॅरेजमध्ये तो फिरवून घेतला. गाडी खरंच पळायला लागली! "पुतण्या इंजिनेर हाय आपला," असं ते स्टँडवर सगळ्यांना सांगत फिरले. आणि ऐन सीझनमध्ये गाडी बंद, बँकेचा हप्ता मात्र चालू.

म्हणून हा लेख. टर्बोचार्जर मला परीक्षेत आठ मार्कांपुरता येत होता. तो कळला दिवाळीच्या सुट्टीत, नांदेडच्या एका गॅरेजमध्ये, हाताला ग्रीस लागल्यावर. आपल्या हॉस्टेलमध्ये रोज रात्री 'रिमॅप' आणि 'बूस्ट'च्या गप्पा चालतात. त्या मारणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं, ही विनंती.

टर्बो म्हणजे फुकटची पॉवर?

इंजिन म्हणजे हवेचा पंप. जितकी हवा आत, तितकं इंधन जाळता येतं आणि तितकी पॉवर मिळते. साधं इंजिन ओढता येईल तेवढीच हवा ओढतं. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरवायचं आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाच्या चक्राने हवा दाबून इंजिनमध्ये कोंबायची, ही कल्पना स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांची. त्यांचं पेटंट १९०५ सालचं. आज गाडीतला छोटासा टर्बो मिनिटाला एक लाखाच्या वर फेरे घेतो. एवढ्या वेगात शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. ऑइल काही सेकंद थांबलं तरी खेळ खलास!

हवा दाबली की ती तापते. सायकलचा पंप मारताना हाताला चटका लागतो ना, तेच. जरा गणित करू. मे महिन्यातली आपल्याकडची ४२ अंशांची हवा दुप्पट दाबापर्यंत दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती १४० अंशांच्या आसपास बाहेर पडते. तापलेली हवा विरळ असते, म्हणून मध्ये इंटरकूलर बसवतात. त्याने ती ६५ अंशांपर्यंत खाली आणली तर त्याच दाबाला सुमारे २२ टक्के जास्त हवा सिलिंडरमध्ये मावते. जाळीदार रेडिएटरसारखा दिसणारा हा डबा म्हणजे शोभेची वस्तू नाही, हे लक्षात ठेवा. आपल्या गोष्टीत तो पुढे येणार आहे.

टर्बो गाड्या मराठवाड्याला नव्या नाहीत, बरं का. औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याच्या कारखान्यात स्कोडाच्या गाड्या २००१ पासून जोडल्या जाऊ लागल्या. २००४ मध्ये भारतात आलेल्या ऑक्टाव्हिया आरएसमध्ये १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन होतं, पॉवर १५० अश्वशक्ती. युरोपातल्या आरएसमध्ये तेवढ्याच आकाराचं इंजिन १८० देत होतं. हे वाचून आपल्यासारख्या पोरांना वाटतं, कंपनीने ३० घोडे लपवून ठेवलेत, चला बाहेर काढू! पण इंजिन किती ताणायचं हे ठरवताना इंधन, हवामान, ऑइल बदलण्याची सवय, सगळ्यांचा विचार करून थोडी जागा शिल्लक ठेवावी लागते. ती जागा आपल्यासाठी 'पडून' नसते. वाईट दिवसासाठी ठेवलेली असते. काकांच्या गाडीतली ती जागा मी स्क्रू फिरवायला सांगून आधीच खर्च केली होती.

आधी रोग, मग औषध

नांदेडला इंजिन खोललं. मी इंटरनेटवरून फोर्ज्ड पिस्टन, फोर्ज्ड रॉड, मोठा टर्बो अशी यादीच घेऊन गेलो होतो. मिस्त्रींनी यादी बघितली, घडी केली आणि खिशात ठेवली. मग चारही पिस्टन फडक्यावर ओळीने मांडले. म्हणाले, "पिस्टन कशानं गेला ते नाही कळालं तर नवा बी तसाच जाईल की!"

तिसऱ्या पिस्टनची कड मेणबत्तीसारखी वितळून वाहिली होती. रिंगा खाचेत चिकटलेल्या. त्यामुळे जळता वायू खाली क्रँककेसमध्ये घुसला आणि त्या दाबाने ऑइल बाहेर फेकलं गेलं. बाकीचे तीन पिस्टन काळे, पण शाबूत.

इथे मला पहिला धडा मिळाला. तुटलेला भाग हा पुरावा असतो, तो भंगारात टाकायच्या आधी वाचायचा. पेट्रोल टर्बोमध्ये पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटलेली दिसली तर बहुतेकदा 'नॉकिंग', म्हणजे मिश्रण नको त्या वेळी आपोआप भडकलेलं असतं. तिथे बूस्ट वाढवून इंधन कमी पडलं की घात होतो. डिझेलचं उलटं. डिझेल इंजिनात हवा नेहमी जास्त असते, त्यामुळे जितकं इंधन वाढवाल तितकी उष्णता वाढते. पेट्रोलवाला इंधन कमी पडून मरतो, डिझेलवाला जास्त होऊन! शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही आधी. आत जळणाऱ्या वायूचं तापमान २००० अंशांच्या वर जातं. पिस्टन टिकतो तो रिंगांमधून सिलिंडरच्या भिंतीला उष्णता देतो म्हणून, आणि बऱ्याच टर्बो इंजिनांत खालून ऑइलची पिचकारी त्याला थंड ठेवते म्हणून.

पण मग तिसराच का वितळला? मिस्त्रींनी इंजेक्टर तपासायला पाठवले. तिसऱ्याचं नोझल फवारा न मारता थेंब थेंब गळत होतं. इंटरकूलर चिखलाने अर्धा बुजलेला. आणि टर्बोकडून येणाऱ्या रबरी पाइपला क्लॅम्पच्या खाली बोटभर चीर! म्हणजे टर्बो हवा दाबत होता, पण ती वाटेतच निसटत होती. कमी हवा, ती पण गरम, आणि त्यावर माझ्या सल्ल्याने वाढवलेलं डिझेल. काळा धूर तीन महिने हेच ओरडून सांगत होता. आम्ही त्याला 'पॉवर' समजत होतो.

मिस्त्री म्हणाले, "पोलादाचा पिस्टन टाक की. हवा कुठून आणशील?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच संध्याकाळी मी काकांना फोन करून स्क्रूबद्दल सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "फिरवायला तर मीच लावला ना. आता नीट बांधून घे."

बांधणी

बांधणीचे टप्पे थोडक्यात सांगतो.

सगळ्यात आधी सफाई. फुटलेल्या इंजिनाचे तुकडे आणि मेटलचा कीस ऑइल कूलरमध्ये, ऑइलच्या नळ्यांमध्ये आणि इंटरकूलरमध्ये जाऊन बसतो. तो तिथेच राहिला तर नवं इंजिन पहिल्याच दिवशी तो गिळतं. त्यामुळे प्रत्येक नळी धुऊन हवा मारायची, आणि जे धुऊन निघणार नाही ते सरळ बदलायचं.

मग मोजमाप. बोअर गेजने सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजला. तो खाली निमुळता आणि किंचित अंडाकृती झाला होता. म्हणून चारही सिलिंडर अर्धा मिलिमीटर मोठे बोअर करून होनिंग केलं. होनिंगच्या तिरप्या रेघा दिसायला ओरखडे वाटतात, पण त्यांच्यातच ऑइल धरून राहतं. क्रँकला तडा नाही ना हे तपासून घेतलं, शेल बेअरिंग नवी घातली, हेडचं फेसिंग केलं.

रिंगांची फट ही अगदी छोटी बाब, पण टर्बोमध्ये जीवघेणी. जास्त उष्णतेने रिंग जास्त फुगते. फट कमी ठेवली तर तिची टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची पट्टी फोडतात. शेवटी बोल्ट. ते टॉर्क रेंचने, ठरलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळायचे. हाताचा अंदाज इथे चालत नाही. मिस्त्रींचा चाळीस वर्षांचा हात, तरी रेंच लावल्याशिवाय त्यांनी एक बोल्ट सोडला नाही.

'मजबूत' म्हणजे नेमकं काय?

मग फोर्ज्ड पार्ट खोटे आहेत का? मुळीच नाही. ९० मिलिमीटरचा सिलिंडर आणि आत १३० बारचा दाब धरला, तर पिस्टनच्या डोक्यावर प्रत्येक स्फोटाला जवळपास ८ टन भार येतो. बूस्ट वाढवला की हा दाबणारा भार वाढतो. दुसरीकडे, एक किलोचा पिस्टन, १०० मिलिमीटर स्ट्रोक आणि ४००० आरपीएम धरले, तर वरच्या टोकाला पिस्टन रॉडला एक टनाहून जास्त ओढतो. आरपीएम दुप्पट केले तर ही ओढ चौपट होते. म्हणून रेसिंगच्या पेट्रोल इंजिनात रॉड आणि रॉडचे बोल्ट आधी बदलतात. फोर्ज्ड पिस्टन चिवट असतो, पण रेसिंगच्या काही मिश्रधातूंचे पिस्टन तापल्यावर जास्त फुगतात, म्हणून सिलिंडरमध्ये सैल बसवावे लागतात आणि थंडीत सकाळी खडखडतात. प्रत्येक मजबुतीची काही किंमत असते.

जगातलं उदाहरण म्हणजे बीएमडब्ल्यूचं फॉर्म्युला वनचं दीड लिटरचं टर्बो इंजिन. त्याचा ओतीव लोखंडी ब्लॉक रस्त्यावरच्या गाडीच्या इंजिनातून घेतलेला. १९८३ मध्ये त्याच इंजिनावर ब्राभमच्या नेल्सन पिके यांनी विश्वविजेतेपद मिळवलं. पुढे त्यातून १००० अश्वशक्तीच्या वर पॉवर काढली गेली. पण ब्लॉक सोडून भोवतालचं इंधन, इंजेक्शन, कूलिंग, सगळं त्यासाठी वेगळं केलेलं होतं.

आपल्या रेल्वेचं उदाहरण तर याहून चांगलं. १९६२ पासून आलेलं डब्ल्यूडीएम-२ हे १६ सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन २६०० अश्वशक्तीचं. त्याच घराण्यातलं डब्ल्यूडीएम-३ए ३१०० अश्वशक्तीचं. ही वाढ पंपाचा स्क्रू फिरवून झाली नाही. चांगला टर्बो, मोठा आफ्टरकूलर, पोलादी टोपीचे पिस्टन, नवा इंधन पंप, असं सगळं मिळून बदललं. साखळीची एकच कडी जाड केली की ताण शेजारच्या कडीवर जातो. रेल्वेने अख्खी साखळी बदलली.

आमच्या जीपची साखळी आम्ही आमच्या ऐपतीप्रमाणे मजबूत केली. पिस्टन साधेच, कंपनीच्या मापाचे. चारही इंजेक्टर एकसारखे करून घेतले. पाइप जाड सिलिकॉनचे, क्लॅम्प चांगले. इंटरकूलर धुतला आणि त्याच्यापुढे जाळी बसवली. पंप परत कंपनीच्या मापावर. आणि माझ्या शिष्यवृत्तीच्या पैशातून एक गोष्ट नवी घेतली : टर्बोच्या आधी बसवलेला एक्झॉस्ट तापमानाचा काटा. त्यावर ७०० अंशांपाशी लाल रंगाची रेघ मारली. काटा रेघेला लागला की पाय उचलायचा, गिअर उतरवायचा.

पहिल्यांदा सुरू करताना डिझेल बंद ठेवून नुसता सेल्फ मारला, ऑइलचा दाब येईपर्यंत. टर्बोच्या नळीतही हाताने ऑइल भरलं. मगच डिझेल सोडलं. आणि काकांना एक सवय लावली : चढ चढून आल्यावर चावी लगेच बंद करायची नाही, मिनिट-दोन मिनिटं गाडी आयडलवर ठेवायची. नाहीतर तापलेल्या टर्बोतलं ऑइल जळून कोळसा होतं आणि पुढच्या वेळी तोच कोळसा बेअरिंगला खातो.

दत्तजयंतीला जीप पुन्हा माहूरला गेली. मी पुढच्या सीटवर बसून सगळा वेळ काट्याकडेच बघत होतो. चढावर काटा ६५० च्या पुढे सरकला, तसा काकांनी न सांगता गिअर उतरवला. मागे कोणीतरी ओरडलं, "ड्रायव्हर, जरा पळवा की!"

काका हसले आणि म्हणाले, "बसा निवांत. गाडी इंजिनेरची हाय."