कुत्र्याचे पाळणाघर पारखताना

मुकुंदवाडीसारख्या वस्तीत सकाळी दहाच्या सुमारास किती घरांना कुलपे लागतात, ते कधी पाहिले आहे का? वडील चिकलठाण्याच्या कारखान्यात, आई कचेरीत, मुले शाळेत. घरात उरतो तो कुत्रा. आठ-नऊ तास एकटा कोंडलेला कुत्रा भुंकून शेजाऱ्यांना हैराण करतो, चपला कुरतडतो, नाहीतर दाराकडे तोंड करून नुसता पडून राहतो. यावर मुंबई-पुण्यात एक तोडगा निघाला आहे. लहान मुलांचे असते तसे कुत्र्यांचे पाळणाघर! सकाळी नेऊन सोडायचे, संध्याकाळी परत आणायचे. ही कल्पना आता इतर शहरांतही येऊ लागली आहे.

असे पाळणाघर शोधणारी मंडळी काय पाहतात? घरापासूनचे अंतर, महिन्याचे पैसे, भिंतीवरची रंगीत चित्रे आणि दिवसभर मोबाइलवर येणारी छायाचित्रे. यातले बरेचसे माणसाच्या डोळ्यांना सुखावणारे आहे. कुत्र्याला बोलता आले असते, तर त्याने पहिला प्रश्न वेगळाच विचारला असता. निदान मराठवाड्यातल्या कुत्र्याने तरी तो हवेबद्दल विचारला असता.

याचे कारण त्याच्या शरीरात आहे. आपल्याला उकडले की सर्वांगाला घाम येतो आणि तो वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. कुत्र्याच्या घामाच्या उपयोगी ग्रंथी मात्र पंजांच्या तळव्यांपुरत्याच. त्यांनी अंग थंड होत नाही. म्हणून तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो. विश्रांतीत मिनिटाला वीस-पंचवीस वेळा श्वास घेणारा कुत्रा उन्हात तीनशेच्या वर धापा टाकू शकतो. एवढ्या कष्टाने उलट अंग तापायला हवे, नाही का? १९६२ मध्ये क्रॉफर्ड या शास्त्रज्ञाने याचे उत्तर शोधले. झोपाळ्याला त्याच्या ठरावीक लयीत हलका धक्का दिला, तर तो थोड्या श्रमात उंच जातो. कुत्र्याच्या छातीलाही अशीच स्वतःची लय असते, सेकंदाला सुमारे पाच आंदोलनांची, आणि धाप नेमकी त्याच लयीत चालते. पुढे १९७० मध्ये श्मिट-नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की धापेतली हवा बहुतांशी नाकाने आत जाते आणि तोंडाने बाहेर पडते. नाकाच्या आतले ओलसर, घडीदार अस्तर म्हणजे कुत्र्याचा कूलरच. पाणी तिथे वाफ होते आणि रक्त थंड होते.

थोडे गणित करू. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. वीस किलो वजनाच्या कुत्र्याचे तापमान एक अंशाने उतरवायला साधारण १६,६०० कॅलरी काढून घ्याव्या लागतात. (शरीराची विशिष्ट उष्णता ०.८३ धरा.) भागाकार करून पाहा. जेमतेम २९ ग्रॅम पाणी, म्हणजे दोन मोठे चमचे! इतक्या थोड्या पाण्यात एवढे काम होते, पण एका अटीवर. बाहेरची हवा ती वाफ सामावून घेण्याइतकी कोरडी हवी.

आपल्याकडे घोटाळा होतो तो इथेच. मे महिन्यातली इकडची दुपार तापलेली असते, पण कोरडी असते. अशा वेळी एखाद्या बंद गाळ्यात कूलर लावून शटर ओढले, तर काय होईल? कूलर पाण्याची वाफ करूनच हवा थंड करतो. ती दमट हवा खिडकीतून बाहेर गेली नाही, तर खोली हळूहळू वाफेने भरते. मग कूलरही थंड करीनासा होतो आणि कुत्र्याच्या नाकातला कूलरही. दहा-बारा कुत्री धापा टाकत असतील तर त्यांचीही वाफ त्यात मिसळते. तेव्हा पाळणाघरात कूलर आहे का, एवढेच विचारू नका. हवा बाहेर कुठून जाते, ते विचारा.

हे तुम्हांला प्रयोगाने तपासता येईल. शाळेतून दोन सारखे तापमापक मिळवा. एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा, दुसरा कोरडा ठेवा आणि दोन्हींना वारा घाला. बाहेर कोरडा ४० अंश दाखवत असेल आणि हवेत आर्द्रता २० टक्के असेल, तर ओला सुमारे २२ दाखवील. हा फरक म्हणजे बाष्पीभवनाला मिळालेली संधी. आता कूलर लावलेल्या खोलीत खिडकी उघडी ठेवून आणि मग बंद करून हाच फरक मोजा. बंद खोलीत तो कसा आक्रसत जातो, ते पाहण्यासारखे आहे.

कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते, आपल्यापेक्षा थोडे जास्त. ते ४१ च्या वर गेले की जिवाला धोका असतो. म्हणून पाळणाघराच्या माणसाला एक प्रश्न जरूर विचारा : कुत्रा उन्हाने कोसळला, तर पहिल्या पाच मिनिटांत काय कराल? 'लगेच डॉक्टरकडे नेऊ' हे उत्तर अर्धेच आहे. आधी सावलीत घेऊन अंगावर भरपूर पाणी ओतायचे, वारा घालायचा आणि तसेच थंड करत डॉक्टरकडे न्यायचे. वाटेत गेलेला वेळ मेंदूला महाग पडतो.

पग किंवा बुलडॉग अशा चपट्या तोंडाच्या कुत्र्यांची गोष्ट आणखी कठीण. नाकच आखूड, मग आतले ओले अस्तर दाटीवाटीने बसवलेले आणि हवेची वाट अरुंद. २००३ सालच्या एका मोबाइल जाहिरातीने पग आपल्याकडे घरोघरी लाडका केला खरा, पण त्याच्या नाकाचा विचार कोणी केला नाही! अशा कुत्र्याला दुपारी पळवणारे पाळणाघर इतर बाबतींत कितीही चांगले असले, तरी त्याच्या उपयोगाचे नाही. जमिनीकडेही लक्ष असू द्या. भर उन्हात डांबर ६० अंशांच्या वर तापू शकते. हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून ठेवता येत नसेल, तर तिथे पंजाही ठेवता येणार नाही.

हवेनंतर रोगजंतू. जिथे अनेक कुत्री एका पाण्याच्या भांड्यात तोंड घालतात, तिथे एकाचा आजार सर्वांचा होऊ शकतो. यातला सर्वांत चिवट शत्रू म्हणजे पार्व्हो विषाणू. १९७८ मध्ये तो कुत्र्यांमध्ये ओळखला गेला आणि दोनएक वर्षांत जगभर पसरला. हा इतका लहान, की एका मिलिमीटरमध्ये असे चाळीस हजार ओळीने बसतील. पुष्कळ विषाणूंभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते आणि साबणाने ते फाटते. पार्व्होला असे आवरणच नाही. त्यामुळे साबण, स्पिरिट, वासाचे फिनेल यांना तो दाद देत नाही. सावलीतल्या मातीत तो महिनोन् महिने टिकून राहतो. तो मरतो ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाने, तेही आधी घाण धुऊन काढली असेल तर. घाण तशीच असली, की क्लोरीन तिच्यातच खर्ची पडतो. दारातून आत जाताच फिनेलचा घमघमाट आला, की आपण म्हणतो, 'वा, काय स्वच्छता!' वासावर भरवसा ठेवू नका. फरशी कशाने आणि कोणत्या क्रमाने धुतात, ते विचारा.

लसीचे काय? इथे एक मजेदार पेच आहे. पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून, म्हणजे चिकातून, रोगप्रतिकारक प्रतिपिंडे मिळतात. ती त्याचे रक्षण करतात, पण टोचलेली लसही निकामी करतात. काही आठवड्यांनी ती कमी होत जातात आणि मध्ये असा काळ येतो, की ती खऱ्या रोगाला अडवू शकत नाहीत, पण लसीला मात्र अडवतात! हा काळ प्रत्येक पिल्लात वेगळा. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सोळा आठवड्यांचे वय होईपर्यंत लस पुन्हा पुन्हा देतात. 'दोन डोस झालेत की!' असे म्हणून तीन महिन्यांचे पिल्लू घेऊन गेलात आणि पाळणाघराने नकार दिला, तर रागावू नका. नकार देणारे पाळणाघर आपले काम जाणते. जे लसीचे कार्ड न पाहताच कुत्रा आत घेते, ते इतरांचीही कार्डे पाहत नसणार. रेबीजची लस त्या कार्डावर हवीच, कारण तिथे प्रश्न माणसांच्याही जिवाचा आहे.

भिंतींच्या फटीही डोळे भरून पाहा. कुत्र्याची तपकिरी गोचीड घरातच वाढते, फटीत हजारो अंडी घालते आणि गोचीडतापाचे जंतू एका कुत्र्यातून दुसऱ्यात नेते.

आता राहिला सोबतीचा प्रश्न. सगळी कुत्री एकत्र सोडली की ती खेळतात, अशी समजूत आहे. खेळ आणि भांडण यांत दात, झडप, गुरगुर सारखीच असते. फरक खुणांचा. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच करणे ही खेळाचे आमंत्रण देणारी खूण. मार्क बेकॉफ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९५ मध्ये दाखवले, की जोराचा चावा घेण्याच्या आधी किंवा नंतर कुत्रे ही खूण विशेष करून करते. जणू 'हे खोटे आहे बरं का' असे सांगते. खेळात पाठलाग करणारा आणि पळणारा यांची अदलाबदल होत राहते. एकच कुत्रा सतत पळत असेल, शेपूट पोटाखाली असेल, शरीर ताठ असेल, तर तो खेळ नव्हे. देखरेख करणाऱ्याला हे ओळखता येते का, ते छायाचित्रांतून कळत नाही. अर्धा तास तिथे उभे राहावे लागते. लहान आणि मोठी कुत्री वेगळी ठेवली आहेत का, हेही त्याच वेळी दिसेल.

आणि झोप! मोठे कुत्रे दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ झोपण्यात किंवा पडून राहण्यात घालवते. पत्र्याच्या शेडमध्ये भुंकण्याचा आवाज घुमून १०० डेसिबलच्या वर जाऊ शकतो आणि कुत्र्याला तर सुमारे ४५,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. मुकुंदवाडी स्टेशनवरून जाणाऱ्या गाडीची त्याला सवय होते. ती येते आणि जाते. दिवसभरच्या गोंगाटाचे तसे नाही. दुपारी दोन तास तरी शांत, वेगळी जागा मिळते का, ते विचारा.

खाणे घरचेच डब्यात द्यावे. कांदा, द्राक्षे, चॉकलेट कोणी कौतुकाने भरवू नये, एवढे बजावून ठेवावे.

पहिल्या दिवशी दोन तासच ठेवा. संध्याकाळी तो दमलेला असेल, त्यावरून काही ठरवू नका. घाबरलेला कुत्राही दमतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला त्याच रस्त्याने न्या आणि वळणावर साखळी सैल सोडून पाहा, तो पुढे ओढतो की पाय रोवून बसतो.