समुद्र नसताना शिडं, बर्फ नसताना स्लेज

हिवाळी ऑलिम्पिकचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा एका वाक्यात आटोपते : आपल्याकडे बर्फ आहे कुठे? हे उत्तर ज्यांना पुरेसं वाटतं त्यांनी भोपाळकडे पाहावं. मध्य प्रदेशाला समुद्रकिनारा नाही. तरीही 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत कांस्यपदक मिळवणारी हर्षिता तोमर आणि 2023 साली हांगझोला त्याच खेळात रौप्यपदक जिंकणारी देवासकडची नेहा ठाकूर, या दोघीही भोपाळच्या बड्या तलावावरच्या नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये तयार झाल्या. सरकारने होड्या घेतल्या, प्रशिक्षक नेमले, मुलींना वर्षानुवर्षं पाण्यात उतरवलं. समुद्र मग स्पर्धेच्या गावी भेटला. याच शहराच्या दुसऱ्या बाजूला गोविंदपुरा आहे : भेलचा अवाढव्य कारखाना, पिपलानी-बरखेड्यापर्यंत पसरलेली त्याची वसाहत आणि भेलला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांची औद्योगिक वसाहत. बर्फावरून घसरणाऱ्या खेळाडूचा विचार करायला ही जागा विचित्र वाटेल. पण ल्यूज या खेळाचं पोट कापून पाहिलं तर आत दोनच गोष्टी सापडतात, अचूक यंत्रकाम आणि दर महिन्याला हातात पडणारा पगार. आणि या दोन्ही गोष्टी गोविंदपुऱ्याला साठ वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहेत.

आधी खेळ समजून घेऊ. ल्यूज म्हणजे वीस-पंचवीस किलोंची, उताण्या माणसाच्या पाठीला जेमतेम पुरेल एवढी स्लेज. खेळाडू तिच्यावर पाय पुढे करून झोपतो. सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीचा, वळणावळणाचा, काँक्रीटवर बर्फ गोठवून केलेला नळीसारखा उतार असतो. सुरुवातीला दोन्ही बाजूंच्या दांड्या धरून शरीराला झोका द्यायचा, मग खिळे लावलेल्या हातमोज्यांनी बर्फावर चार-दोन वल्ही मारायची आणि झोपायचं. पुढचा मिनिटभराचा प्रवास ताशी 130-140 किलोमीटर वेगाने होतो. स्लेजला ब्रेक नसतो, स्टिअरिंग नसतं. पोटऱ्यांनी स्लेजच्या कमानी दाबायच्या, खांदा किंचित रुतवायचा, एवढंच सुकाणू. डोकं उचललं तर वारा अडतो आणि वेळ जातो, म्हणून समोरचं नीट दिसत नसताना वळणं पाठ असावी लागतात. वेळ मोजतात सेकंदाच्या हजाराव्या भागात. 1998 च्या नागानो ऑलिम्पिकमध्ये महिलांचं सुवर्ण आणि रौप्य यांच्यात, चार फेऱ्यांची बेरीज करूनही, एका सेकंदाचे दोन हजारांश एवढंच अंतर होतं. अशा खेळात स्लेजखालच्या दोन पोलादी पट्ट्यांना सगळं महत्त्व येतं. त्यांची गोलाई, त्यांची धार, पॉलिश पेपरने तासन्‌तास घासून आणलेली त्यांची तकाकी. शर्यतीआधी त्या पोलादाचं तापमानही तपासलं जातं, कारण गरम केलेली पट्टी बर्फावर जास्त सरकते आणि तसं करणं नियमात बसत नाही. ज्याने कधी ग्राइंडिंग मशीनवर शाफ्ट मापात आणला आहे, त्याला या खेळाचं मर्म सांगावं लागणार नाही.

या खेळात भारताचं नाव दोन दशकं एका माणसाने टिकवलं. मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा शिवा केशवन. वडील केरळचे, आई इटालियन. शाळकरी वयात पंचकुला इथे ऑस्ट्रियाचे माजी ल्यूजपटू गुंथर लेमरर यांनी घेतलेल्या शिबिरात, चाकं लावलेल्या स्लेजवर त्याने हा खेळ पहिल्यांदा हाताळला. 1998 साली नागानोला उतरला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता आणि भारताच्या पथकात एकटाच खेळाडू होता. त्यानंतर सॉल्ट लेक सिटी, तोरिनो, व्हँकुव्हर, सोची, प्योंगचांग, अशा सलग सहा हिवाळी ऑलिम्पिकमध्ये तो खेळला. घरी सराव करायला बर्फाची वाट नव्हती, म्हणून हिमालयातल्या घाटरस्त्यांवर चाकांच्या स्लेजवर झोपून ट्रक आणि मेंढरांचे कळप चुकवत तो उतरत असे. व्हँकुव्हरच्या वेळी पैसे कमी पडले तेव्हा दिल्लीत वकिली करणाऱ्या काही मंडळींनी वर्गणी काढली. सोचीला जाताना त्याने थेट लोकांकडेच मदत मागितली. आणि भारतीय ऑलिम्पिक संघटना त्या काळात निलंबित असल्यामुळे आपल्या देशाच्या झेंड्याशिवाय, स्वतंत्र खेळाडू म्हणून त्याला शर्यतीत उतरावं लागलं. तिथल्या एका सराव फेरीत तो स्लेजवरून निसटला, बर्फावर घसरत असतानाच स्लेज धरून ठेवली, पुन्हा तिच्यावर चढला आणि फेरी पूर्ण केली. ती दृश्यं जगभर पाहिली गेली. अर्जुन पुरस्कार मात्र त्याला 2020 साली, म्हणजे निवृत्तीनंतर मिळाला.

त्याचे ऑलिम्पिकमधले क्रमांक मांडले की पहिला आक्षेप येतोच. अठ्ठाविसावा, तेहेतिसावा, पंचविसावा, एकोणतिसावा, सदतिसावा, चौतिसावा. एवढ्यासाठी पैसा का घालायचा? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर त्याच्याच समकालीन एका खेळाडूच्या शेजारी त्याला उभं करून मिळतं. इटलीचा आर्मिन झोगेलर 1994 ते 2014 अशी सलग सहा ऑलिम्पिक खेळला आणि प्रत्येक वेळी पदक घेऊन परतला. झोगेलर काराबिनिएरी या इटलीच्या निमलष्करी पोलीस दलात नोकरीला होता. सराव हेच त्याचं काम होतं, पगार त्यासाठीच मिळत होता, स्लेज सांभाळायला माणसं होती. जर्मनी आणि ऑस्ट्रियातही घसरखेळातले कितीतरी खेळाडू सैन्याच्या किंवा पोलिसांच्या पगारावर जगतात. जर्मन संघांच्या स्लेज ज्या संस्थेत विकसित होतात ती बर्लिनची संस्था तर पूर्व जर्मनीच्या काळापासून केवळ खेळाची साधनं सुधारण्याच्या कामाला वाहिलेली आहे. केशवनला इटलीकडून खेळण्याची विचारणा झाली होती आणि त्याने ती नाकारली. त्या नकाराचं आपण कौतुक केलं. त्याची किंमत काय होती, ती कोणी भरली, हे फारसं विचारलं नाही. तरीही सुविधा असलेल्या आशियाई खेळाडूंविरुद्ध 2011 आणि 2012 साली त्याने नागानोच्या वाटेवर ल्यूजच्या आशियाई स्पर्धेचं सुवर्ण जिंकलं. पंचविसावा क्रमांक गुणवत्तेचा मानायचा की सरावाच्या फेऱ्यांचा, हे ठरवताना एवढा पुरावा मला पुरेसा वाटतो.

फेऱ्यांचा हिशोब समजला पाहिजे, कारण पैसा नेमका तिथे जातो. ल्यूजची कृत्रिम वाट जगात मोजक्याच ठिकाणी आहे, भारतात एकही नाही. दर फेरीचे पैसे मोजावे लागतात. त्याखेरीज विमानभाडं, सामान म्हणून जाणारी स्लेज, युरोपातला महिनोन्‌महिन्यांचा मुक्काम, प्रशिक्षक, पट्ट्या घासणारा आणि जोडणारा तंत्रज्ञ. स्पर्धेत उतरण्याजोगी स्लेज लाखांच्या घरात जाते आणि एका अपघातात वाकते. ज्याच्या खिशात पैसा कमी, तो फेऱ्या कमी करतो, तंत्रज्ञ ठेवतच नाही, प्रशिक्षकाविना उतरतो. हे केवळ क्रमांकाचं दुखणं राहत नाही. 12 फेब्रुवारी 2010 रोजी व्हँकुव्हरच्या वाटेवर सरावातच जॉर्जियाचा एकवीस वर्षांचा नोदार कुमारिताश्विली वळणावरून बाहेर फेकला गेला, पोलादी खांबावर आदळला आणि गेला. त्या मृत्यूचा ठपका पैशावर ठेवणं अन्यायाचं होईल. वाट कमालीची वेगवान होती आणि नंतर पुरुषांची सुरुवात खालच्या जागी आणावी लागली. पण ज्या खेळात वळण पाठ असणं हाच जीव वाचवण्याचा मार्ग आहे, तिथे अपुऱ्या सरावाने खेळाडूला उतरू देणं ही काटकसर म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की हे काम प्रायोजकांनी करावं, सरकारी पैसा कशाला. प्रायोजकांचं वागणं या खेळात फार उघडपणे दिसलं आहे. टोंगा या प्रशांत महासागरातल्या बेटांवरचा फुआहिआ सेमी हा तरुण 2014 साली सोचीला ल्यूजमध्ये खेळला, पण ब्रुनो बनानी या नावाने. ते नाव अंतर्वस्त्रं बनवणाऱ्या एका जर्मन कंपनीचं आहे. पैशासाठी पोराने स्वतःचं नावच बदललं आणि पासपोर्टवरही तेच लागलं. दुसरं उदाहरण भोपाळच्या माणसाला जास्त झोंबेल. अमेरिकेच्या ल्यूज संघाला पैसा आणि तंत्रज्ञान पुरवणाऱ्यांत डाऊ केमिकल ही कंपनी होती. ज्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून 1984 च्या डिसेंबरमध्ये या शहरावर वायू सुटला, ती कंपनी 2001 साली डाऊने विकत घेतली आणि भोपाळची जबाबदारी आपली नाही असं ती आजतागायत सांगत आली आहे. लंडन ऑलिम्पिकच्या वेळी डाऊच्या प्रायोजकत्वाविरुद्ध भोपाळचे गॅसपीडित रस्त्यावर आले होते. म्हणजे स्लेजच्या पृष्ठभागावर संशोधन करायला त्या कंपनीपाशी पैसा होता. खेळाडूंना यात दोष देता येत नाही. त्यांनी मिळेल तिथून मदत घेतली. पण खेळाचा खर्च सर्वस्वी कंपन्यांच्या जाहिरात खात्यावर सोडला की कोणाचा पैसा, कशाच्या बदल्यात, हे ठरवण्याचा अधिकार खेळाडूला आणि त्याच्या देशाला उरत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. ज्या देशात खेड्यातल्या शाळेला मैदान नाही, तिथे बर्फावर घसरणाऱ्या एकट्यादुकट्याचे लाड का? मैदानं झालीच पाहिजेत, त्यावर वाद नाही. पण खर्चाची तुलना करून पाहावी. डेहराडूनला 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी कोट्यवधी रुपये खर्चून आईस रिंक बांधली गेली आणि स्पर्धा उरकल्यावर ती वर्षानुवर्षं बंद पडून राहिली. 2025 साली ती पुन्हा सुरू झाली. पैसा आपण खर्च करतोच, फक्त तो इमारतीवर करतो, माणसावर करत नाही. गुलमर्गजवळचा स्कीइंगपटू आरिफ खान पैशाअभावी 2018 च्या ऑलिम्पिकची पात्रता गाठू शकला नाही. 2022 ला बीजिंगला तो गेला, भारताचा एकमेव खेळाडू म्हणून, आणि सरकारच्या टॉप्स योजनेची मदत त्याला पोहोचली ती ऑलिम्पिक तोंडावर आल्यावर. पात्र ठरल्यावर मिळणारा पैसा पात्र ठरायला उपयोगी पडत नाही. उलट ज्यांना आधी आधार मिळाला त्यांचं काय झालं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको : कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे 2015 पासून मध्य रेल्वेत नोकरीला होता, आणि 2024 साली पॅरिसला त्याने नेमबाजीत कांस्य मिळवलं. मधली नऊ वर्षं दरमहा पगार येत होता.

आता गोविंदपुऱ्याकडे वळतो. 1956 साली ब्रिटिश कंपनीच्या साहाय्याने हेवी इलेक्ट्रिकल्स म्हणून हा उद्योग उभा राहायला लागला, 1960 साली नेहरूंनी तो देशाला अर्पण केला, 1974 साली तो भेलमध्ये विलीन झाला. जलविद्युत टर्बाइन, जनित्रं, ट्रान्सफॉर्मर, रेल्वेच्या मोटारी इथे घडतात. त्यासाठी देशभरातून आलेल्या फिटर-टर्नर-इंजिनियरांत मराठी कुटुंबंही मोठ्या संख्येने होती. आसपासच्या लहान कारखान्यांत आजही मापाच्या काटेकोरपणावरच धंदा चालतो. टर्बाइनवाल्यांनी स्लेज का करावी, असं कोणी म्हणेल. मोटारी करणाऱ्या बीएमडब्ल्यूने अमेरिकेची बॉबस्लेज केली होती. ज्ञान तेच, वस्तू वेगळी. दोन पट्ट्या, दोन कमानी आणि एक फायबरचा सांगाडा करायला टर्बाइनइतकं भांडवल लागत नाही. मुलं निवडायलाही बर्फ लागत नाही. अमेरिकेचा ल्यूज संघ उन्हाळ्यात शहराशहरांतल्या उतारांवर चाकांच्या स्लेज नेतो आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांना त्यावर उतरवून हुशार पोरं हेरतो. आणि ज्यांच्याकडे वाट नाही अशा देशांच्या मुलांना प्योंगचांगला 2018 च्या ऑलिम्पिकनंतर नेमाने शिकवलं जातं. त्याच शिकवणीतून ट्युनिशियाचा जोनाथन लूरिमी आणि थायलंडची अग्नेस काम्पेओल, या दोघांनी जानेवारी 2024 मध्ये गांगवॉनच्या युवा ऑलिम्पिकमध्ये एकट्याने चालवायच्या बॉबस्लेजमध्ये रौप्यपदकं जिंकली. ट्युनिशिया आणि थायलंड! बर्फाची सबब तिथेच संपली.

पैशाची वाट कायद्यात आधीच आखलेली आहे. कंपनी कायदा 2013 नुसार ठराविक आकाराच्या कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात, आणि त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ऑलिम्पिक खेळांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. ल्यूज 1964 पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. तेव्हा मध्य प्रदेशच्या क्रीडा खात्याने बड्या तलावावर जे केलं तेच इथे करावं : चार मुलं हेरावीत, त्यांना वर्षातले काही महिने कोरियाला पाठवावं, गोविंदपुऱ्यातल्या एखाद्या कारखान्याला स्लेजच्या पट्ट्यांचं काम द्यावं, आणि भेलने त्या मुलांना वयात आल्यावर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी द्यावी. पदकाची हमी कोणी देऊ शकत नाही, आणि आठ-दहा वर्षं तरी ती मागूही नये. केशवन 2018 साली प्योंगचांगला शेवटची शर्यत खेळला. त्यानंतर ऑलिम्पिकच्या ल्यूजमध्ये भारताचा एकही खेळाडू उतरलेला नाही.