‘कमवा आणि शिका’ की ‘भरा आणि राबा’?

श्रम करणाऱ्याने मोबदला घ्यावा आणि श्रम घेणाऱ्याने तो द्यावा, हा व्यवहार आपण इतका स्वाभाविक मानतो की, नोकरानेच मालकाला पगार द्यावा असे कोणी म्हटले तर ती थट्टा वाटेल. जगाच्या विमानवाहतूक व्यवसायात मात्र ही थट्टा प्रत्यक्षात उतरली आहे. नवा परवानाधारक वैमानिक कंपनीला किंवा मधल्या दलालाला मोठी रक्कम भरतो आणि तिच्या मोबदल्यात, प्रवाशांनी भरलेल्या विमानात सहवैमानिकाच्या आसनावर बसून काहीशे तास उड्डाण करण्याची संधी विकत घेतो. ‘पे टु फ्लाय’ या नावाने ही पद्धत ओळखली जाते. बेल्जियममधील गेन्ट विद्यापीठाने सहा हजारांहून अधिक वैमानिकांना प्रश्न विचारून २०१५ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही युरोपातील या प्रथेची गंभीर दखल घेतलेली आहे.

तरुण माणूस असा सौदा का पत्करतो? आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते. गोंदिया, बारामती, धुळे येथे त्याचे शिक्षण मिळते. परंतु हे तास लहान विमानांवरचे. एअरबस वा बोइंग चालवायचे तर त्या विशिष्ट विमानाचे स्वतंत्र प्रशिक्षण, म्हणजे ‘टाइप रेटिंग’, घ्यावे लागते आणि त्याचा खर्च दहा लाखांच्या पुढे जातो. कंपन्यांच्या ‘कॅडेट’ योजनांतून गेल्यास एकूण आकडा कोटीच्या घरात पोहोचतो. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जासाठी बँका साधारणतः तारण मागतात. तेव्हा करवीर वा शिरोळ तालुक्यातील मुलाच्या या स्वप्नासाठी गहाण पडते ती वडिलांची उसाची जमीन किंवा राहते घर. इतके करून परवाना हाती आल्यावर प्रश्न येतो, ‘अनुभव किती?’ अनुभवाशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय अनुभव नाही. वैमानिकांचा तुटवडा असल्याच्या बातम्या आपण वाचतो. पण तो तुटवडा मुख्यतः अनुभवी कप्तानांचा असतो. नवख्यांची रांग दाराबाहेर उभीच असते, आणि जेथे रांग असते तेथे जागेला भाव येतो.

या व्यवहाराच्या समर्थनार्थ अर्थशास्त्राचा दाखला दिला जातो. गॅरी बेकर यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात प्रशिक्षणाचे दोन प्रकार मानले. जे कौशल्य एकाच संस्थेत उपयोगी पडते त्याचा खर्च मालक उचलण्यास तयार होतो; जे कौशल्य कोठेही नेता येते त्याचा खर्च शिकणाऱ्यावर पडतो, कारण शिकवून तयार केलेला माणूस उद्या प्रतिस्पर्ध्याकडे गेला तर मालकाचा पैसा बुडतो. वैमानिकाचे कौशल्य या दुसऱ्या प्रकारचे आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि बेकर यांच्या विवेचनात हा खर्च बहुधा शिकाऊ काळातील कमी वेतनाच्या रूपाने वसूल होतो. वेतन कमी असणे वेगळे आणि ते शून्याच्याही खाली जाणे वेगळे.

येथे एक साधी कसोटी लावता येईल. जमिनीवरील सिम्युलेटरमध्ये बसलेला उमेदवार विद्यार्थी असतो; त्याने शुल्क भरावे, यात गैर काही नाही. परंतु ज्या उड्डाणाची तिकिटे विकली गेली आहेत, त्यात दोन वैमानिक असणे नियमानेच बंधनकारक असते. त्या दुसऱ्या आसनावर बसलेला माणूस शिकत असेलही. पण त्याच्यावाचून विमान जमीन सोडू शकत नाही. अर्थात तो उत्पादक श्रम करीत असतो. त्याच्याकडून पैसे घेणारी कंपनी एकाच आसनाचे उत्पन्न दोनदा घेते, एकदा प्रवाशाकडून आणि एकदा कामगाराकडून.

अन्याय केवळ त्या तरुणावर होतो असे नाही. निवडीचा निकष गुणवत्तेकडून थैलीकडे सरकला की त्याची झळ मागे बसलेल्या प्रवाशालाही लागण्याचा संभव असतो. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ झालेल्या विमान अपघातात ५० माणसे मृत्युमुखी पडली. त्या विमानाच्या कप्तानाने पूर्वी फ्लोरिडातील अशाच एका पैसे भरून सहवैमानिक होण्याच्या योजनेतून अनुभव मिळवला होता. अपघाताचे कारण म्हणून चौकशीत त्या योजनेवर नव्हे, तर कप्तानाच्या चुकीच्या प्रतिक्रियेवर बोट ठेवण्यात आले, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु त्यानंतर वैमानिकांचे प्रशिक्षण, वेतन आणि थकवा यांची जाहीर चर्चा झाली, २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून तेथे सहवैमानिकालाही साधारणतः १,५०० तासांची अट लागू झाली. पुढे उमेदवार दुर्मीळ होताच तेथील छोट्या कंपन्यांनी वेतन वाढवले. ‘परवडत नाही’ ही सबब टंचाईपुढे किती टिकते, हे त्यावरून दिसते.

हा विषय आकाशातला म्हणून आपल्यापासून दूर आहे, असे वाचकांनी समजू नये. नोकरीसाठी ‘देणगी’ मोजणारा शिक्षक, अनुदानाच्या आशेवर वर्षानुवर्षे विनावेतन शिकवणारा पदवीधर, तासिका तत्त्वावर आयुष्याची उमेद खर्च करणारा प्राध्यापक ही याच वैमानिकाची जमिनीवरील भावंडे आहेत. महाराष्ट्रात २००० मध्ये सुरू झालेल्या शिक्षणसेवक योजनेने शिकाऊ काळातील अल्प मानधनाला सरकारी मान्यताच दिली. ते मानधन प्राथमिक स्तरावर १६,००० रुपये होण्यास २०२३ साल उजाडावे लागले. बेकारांची संख्या मोठी असली की अनुभव ही विक्रीची वस्तू होते, आणि ती विकत घेण्याची ऐपत नसलेला हुशार मुलगा स्पर्धेपूर्वीच बाद होतो.

ज्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांना आश्रय दिला आणि जेथे कर्मवीर भाऊराव पाटील शिकले, त्या भूमीला या प्रश्नाचे उत्तर नवे नाही. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या कर्मवीरांच्या ‘कमवा आणि शिका’ या सूत्रात विद्यार्थ्याच्या श्रमाला मोल होते. त्या श्रमातूनच त्याचे शिक्षण होई. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानेही कारखान्यातील उमेदवाराला विद्यावेतन देण्याचे बंधन मालकावर घातले. लेथवर हात बसवणाऱ्या पोराला जे संरक्षण कायद्याने दिले, त्यामागील तत्त्व कॉकपिटच्या दारापाशी येऊन का थांबावे?

तिकिटे विकलेल्या उड्डाणातील कोणत्याही वैमानिकाकडून त्या कामासाठी शुल्क घेण्यास स्पष्ट मनाई असावी. टाइप रेटिंगचा खर्च कंपनीने करावा आणि तो वाजवी मुदतीच्या सेवाकराराने वसूल करावा. शिकवलेला माणूस निघून जाण्याची तिची रास्त भीती त्यामुळे दूर होईल. आरंभीच्या शिक्षणासाठी गुणवत्तेवर आधारित, तारणाविना कर्ज मिळावे आणि त्याचा हप्ता नोकरी लागल्यानंतरच सुरू व्हावा. यातून तिकीट थोडे महाग झाले तर ते आपण सोसले पाहिजे. स्वस्त तिकिटातील फरक आज कोणाच्या तरी गहाण पडलेल्या शेतातून भरून निघतो आहे.