घोटा मोडला : ऑपरेशन की प्लास्टर?

पाय मुरगळून घोट्याचे हाड मोडले की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "ऑपरेशन करून टाका, कटकट मिटेल." दुसरा म्हणतो, "प्लास्टरवर भागवा, खर्च कशाला?" आम्हाला वाटते, त्याआधी डॉक्टरांना एकच गोष्ट विचारावी : सांधा स्थिर आहे का?

गुडघ्याखालची दोन हाडे, एक जाड आणि एक बारीक, खाली येऊन चौकट तयार करतात. पावलाचे वरचे हाड त्या चौकटीत बसते. सगळ्यांना लिगामेंट, म्हणजे मजबूत पट्टे, बांधून ठेवतात. फक्त बाहेरचे बारीक हाड मोडले, आतले पट्टे शाबूत आहेत आणि पावलाचे हाड जागेवर आहे, तर ते स्थिर फ्रॅक्चर. चौकटीला तडा गेला, पण दार नीट बसते आहे, असे समजा. याची खात्री करायला डॉक्टर कधी कधी पायावर भार देऊन, उभे करून एक्स-रे काढतात.

अशा वेळी ऑपरेशनचा जास्त फायदा होतो का? ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या 22 हॉस्पिटलांत 160 रुग्णांवर झालेला अभ्यास 2017 साली छापून आला. बाहेरचे हाड मोडलेले, पण फारसे न सरकलेले असे हे रुग्ण होते. वर्षभरानंतर ऑपरेशनवाले काही जास्त बरे झाले नव्हते, उलट त्यांना त्रास जास्त झाले. जखम चिघळणे, स्क्रू टोचणे, ते काढायला पुन्हा ऑपरेशन, हे धोके असतातच. डायबेटिस किंवा तंबाखू असेल तर जखम भरायला वेळ लागतो.

मग सहा आठवडे प्लास्टरच का? 2019 साली फिनलंडमध्ये 247 रुग्णांवरच्या अभ्यासात स्थिर फ्रॅक्चरला तीन आठवड्यांचे प्लास्टर सहा आठवड्यांइतकेच उपयोगी ठरले. पण मुदत आपल्या डॉक्टरांनीच ठरवायची. घरी कापून काढू नये.

याचा अर्थ ऑपरेशन वाईट, असा नाही. दोन्ही बाजूंची हाडे मोडली, सांधा सरकला किंवा हाड कातडी फाडून बाहेर आले, तर ऑपरेशन टाळणे महागात पडते. मालिशवाल्याकडे तर जाऊच नये. चोळल्याने स्थिर हाडही सरकू शकते.

प्लास्टर घातल्यावर पाय उशीवर उंच ठेवा. सांगितलेल्या तारखेला पुन्हा एक्स-रे काढा, कारण क्वचित हाड नंतरही सरकते. बोटे निळी, गार किंवा बधिर पडली, दुखणे वाढतच गेले किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. नमाजमध्ये जमिनीवर बसताना घोट्यावर मोठा ताण येतो, म्हणून डॉक्टर सांगेपर्यंत खुर्चीवर बसून पढावी. प्लास्टर निघाल्यावर व्यायाम मात्र टाळू नका. हाड जुळते, पण आखडलेला घोटा हलवल्याशिवाय मोकळा होत नाही.