पावसात आपली गाडी हळू का धावते?



मागच्या श्रावणात आम्ही भाट्येतल्या सहाजणी आमसुलं, आंबापोळी आणि नाचणीचे लाडू घेऊन चिपळूणला विक्रीला निघालो होतो. पॅसेंजर वाटेत थांबतच राहिली आणि आम्ही वैतागलो. मग गाडीला उशीर का होतो, याची माहिती काढली.

रत्नागिरी सोडलं की भोके, आणि पुढे करबुड्याचा बोगदा. साडेसहा किलोमीटरचा हा बोगदा कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब. अंधारातून बाहेर येतो तोच उक्शीला रानपाटचा धबधबा दिसतो आणि सगळ्या खिडक्यांकडे धावतात. पण हे पाणी येतं त्याच डोंगराला कापून रूळ टाकलेत. कापलेल्या उतारात पाणी मुरलं की माती भिजून जड होते, दगडांची पकड सुटते आणि दरड खाली येते. १६ जून २००४ ला करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांमुळे मत्स्यगंधा एक्सप्रेसला मोठा अपघात झाला, माणसं दगावली.

म्हणून पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक असतं. गाड्यांचा वेग कमी ठेवतात. मुसळधार पावसात समोरचं नीट दिसेनासं झालं, तर ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचं नाही, अशी चालकांना सूचना असते. दरडीच्या जागांवर रात्रंदिवस गस्त असते. वाशिष्ठी आणि सावित्रीच्या पुलांवर पाणी वाढल्याचा इशारा देणारी यंत्रणा आहे.

दुसरं कारण म्हणजे आपल्याकडे रूळ एकेरी आहे. रोहा ते वीर दुहेरी मार्ग झाला, पण वीरच्या खाली रत्नागिरीपर्यंत समोरून गाडी आली की एकीला स्टेशनात थांबावं लागतं. त्यात बहुतेकदा पॅसेंजरच थांबते.

म्हणून आता आमच्या गटाने ठरवलंय: पावसाळ्यात विक्रीला आदल्या दिवशीच निघायचं. ओल्या खोबऱ्याचे पदार्थ न्यायचे नाहीत, सुकाच माल न्यायचा आणि तोही प्लास्टिकमध्ये नीट बांधून. निघण्याआधी १३९ वर गाडीची वेळ विचारायची.

आणि खिडकीतून पावसात रुळाकडेने चालणारा गस्तीवाला दिसला, तर उशिराबद्दल बोटं मोडू नका. आपण सुखरूप घरी पोचावं म्हणूनच तो भिजत असतो.